आईच्या पायांना मुंग्या, रिपोर्टमध्ये बी-१२ कमी: इंजेक्शनं किती दिवस घ्यायची?

प्रश्न असा आला आहे: आई ६१ वर्षांची, तासगाव तालुक्यात गावी राहते. माळकरी आहे, अंडंही चालत नाही. साखरेसाठी नऊ वर्षं मेटफॉर्मिन चालू, पित्तासाठी रोज सकाळी पॅन्टोप्राझोल. पाच-सहा महिन्यांपासून पायांना मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटली तरी तिला कळत नाही. तपासणीत बी-१२ १४२, डी ११ आणि हिमोग्लोबिन १०.४ निघालं. डॉक्टरांनी बी-१२ ची इंजेक्शनं आणि डीच्या पुड्या लिहून दिल्या आहेत. पाहुण्यांपैकी एकांनी 'सगळी जीवनसत्त्वं एकत्र' असलेल्या पावडरचा २,८०० रुपयांचा डबा आणून दिला आहे. इंजेक्शनं किती दिवस, जन्मभर का? दूध, पालेभाज्या, मोड आलेली कडधान्यं वाढवली तर भागणार नाही का? आणि डबा सुरू करू का?

उत्तर:

डबा फोडला नसेल तर फोडू नका. त्याचं कारण पुढे येईल, आधी चपलेचं बोलू.

तुमच्या पत्रात आकड्यांच्या आधी माझं लक्ष त्या चपलेवर गेलं. सांगलीत फिजिशियन म्हणून बसतोय त्याला २७ वर्षं झाली. 'मुंग्या येत्यात' म्हणणारे रोज येतात आणि त्यातल्या पुष्कळांचं कारण अगदी साधं निघतं. पण चप्पल निसटल्याचं कळत नाही म्हटलं की मी खुर्ची पुढे ओढतो. पायाकडून मेंदूकडे जाणारा निरोप वाटेत कुठेतरी गळतोय. मग माझा एक ठरलेला प्रश्न असतो: न्हाणीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो का? डोळे उघडे असतात तोवर पायाची चूक नजर सांभाळून घेते, डोळे मिटले की बाई भिंत धरते. तुमच्या आईला हे आजच विचारा.

त्यानंतर मी घोट्याच्या हाडावर ट्यूनिंग फोर्क टेकवतो. तो चिमट्यासारखा पोलादी काटा ठोकला की थरथरत राहतो. मध्यंतरी जतकडच्या एका आजींच्या घोट्यावर टेकवला. "काय वाटतंय?" "गार लागतंय." "थरथर जाणवते का?" "न्हाई बा." तोच काटा मनगटावर ठेवल्याबरोबर त्यांनी हात मागे ओढला. "आता फोन वाजल्यागत झालं की वो!" दहा सेकंदांची तपासणी, खर्च शून्य. तुमच्या आईची ती झाली नसेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना आवर्जून सांगा.

साखरेनंही पाय बधिर होतात, आणि नऊ वर्षांचा मधुमेह असेल तर तोही यात वाटेकरी असू शकतो. दोन्ही कारणं एकाच पायात सुखानं नांदतात. फरक एवढाच की बी-१२ चा वाटा वेळेत सापडला तर भरून निघतो.

आता 'ताकद'. आमच्याकडे बी-१२ च्या इंजेक्शनला लाल इंजेक्शन म्हणतात. रंग खराच लाल असतो, त्या रेणूच्या मधोमध कोबाल्टचा अणू असतो म्हणून. पेशंट दारातूनच सांगतो, "डाक्टर, एक लाल इंजेक्शन घाला, अंगात ताकद न्हाई." जीवनसत्त्वात ताकद नसते. उष्मांक शून्य. ताकद भाकरीत, डाळीत आणि तेलात आहे. जीवनसत्त्वं तिच्यावर काम करणारी हत्यारं आहेत आणि लागतात नखाएवढी. मोठ्या माणसाला दिवसाला बी-१२ लागतं साधारण २.२ मायक्रोग्रॅम. हिशोब करून बघा, एक ग्रॅम बी-१२ एका माणसाला बाराशे वर्षं पुरेल. हत्यार नसलं की काम अडतं हे खरं, पण घरात एक विळा असताना दहा आणले म्हणून कापणी दसपट होत नाही. ज्याची पातळी चांगली आहे त्याला लाल इंजेक्शनानं जी तरतरी येते ती इंजेक्शन घेतल्याची असते.

तुमच्या आईकडे मात्र विळाच नाहीये. बी-१२ नसलं की दोन कामं अडतात. एक, रक्तपेशी नीट तयार होत नाहीत. दुसरं, मज्जातंतूंवरचं वेष्टन झिजतं. विहिरीवरच्या मोटरच्या वायरचं कोटिंग उडालं की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

ते कमी का झालं, हा या सगळ्यातला खरा प्रश्न, आणि घाईत नेमका तोच राहून जातो. अन्नातलं बी-१२ प्रथिनाला चिकटलेलं असतं. जठरातलं आम्ल ते सोडवतं. मग जठरातच तयार होणारा एक वाहक त्याला धरून थेट लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत घेऊन जातो आणि तिथे ते रक्तात शिरतं. इतका लांबचा प्रवास दुसऱ्या कुठल्याच जीवनसत्त्वाला नाही. आता तुमच्या आईकडे बघा. अंडी-मासे नाहीत, म्हणजे आवकच कमी. रोजच्या पित्ताच्या गोळीनं आम्ल कमी, म्हणजे सुटकाही कमी. मेटफॉर्मिन आतड्याच्या त्या शेवटच्या टोकाशीच आडवं येतं. आणि साठीनंतर जठर आपणहून थंडावतं. टाकीला चार ठिकाणी गळती आहे आणि आपण विचारतोय, किती बादल्या ओतू.

म्हणून दोन कामं करा. पित्ताची गोळी कुणी, कधी, कशासाठी सुरू केली हे शोधा. बऱ्याच घरांत ती कधीतरी पंधरा दिवसांसाठी दिलेली असते आणि मग चहासारखी चालू राहते. डॉक्टरांना विचारून ती हळूहळू सोडता येते का बघा. एकदम बंद केली तर पित्त उसळतं आणि माणूस पुन्हा गोळीकडे पळतो. मेटफॉर्मिनला मात्र स्वतःहून हात लावू नका. ते चांगलं औषध आहे. ते घेणाऱ्याचं बी-१२ अधूनमधून तपासायचं असतं, एवढंच. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०२२ मध्ये डॉक्टरांना तशी सूचनाच काढली.

आहारातून भागेल का? माळकरी आणि जैन घरांतून हा प्रश्न फार येतो आणि उत्तर ऐकून मंडळी नाराज होतात. बी-१२ कुठलीच वनस्पती तयार करत नाही, ते फक्त जिवाणू करतात. पालक, मेथी, शेवगा, मटकी यांच्यात बाकी खूप काही आहे, बी-१२ नाही. मोड आले की मटकीत सी जीवनसत्त्व वाढतं, बी-१२ येत नाही. स्पिरुलिना नावाच्या शेवाळाच्या गोळ्या त्यासाठी विकतात, पण तिच्यात असतं ते बहुतांशी बी-१२ चं सोंग घेतलेला दुसराच रेणू, आपल्या शरीराला बिनकामाचा.

राहतं दूध. शंभर मिलीला अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आत-बाहेर. म्हणजे अर्धा लिटर दूध प्यायलं तर कागदावर दिवसाची गरज जवळपास भागते. पण तुमच्या आईच्या पोटात दिवसाला किती दूध जातं ते खरंखरं मोजा. दोन कप चहातलं नि वाटीभर ताकातलं. दूध डेअरीला घालणाऱ्या घरांत तर घरच्या बाईच्या वाट्याला चहापुरतंच उरतं, हे मी वर्षानुवर्षं बघतोय. आणि गळक्या टाकीत अर्धा लिटर ओतलं तरी निम्मं आत जाईल की नाही कोण जाणे. दूध, दही वाढवा, जरूर वाढवा. पण १४२ वर आलेली आणि पाय बधिर झालेली बाई दुधानं वर येत नाही.

हे एकट्या तुमच्या घरातलं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा दीर्घ अभ्यास केला. त्यात दोन तृतीयांश बायकांचं बी-१२ कमी निघालं आणि फोलेटची (हेही बी गटातलंच जीवनसत्त्व, गोळीतलं फोलिक अ‍ॅसिड ते हेच) उणीव जवळजवळ कुणालाच नव्हती. ज्या आयांचं फोलेट चांगलं पण बी-१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त दिसली. आपण भाकरी-भाजी खाणारी माणसं, फोलेट पालेभाज्यांतून मिळतं. अडतं ते बी-१२ पाशी.

इथे माझीच एक चूक सांगतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांतली आहे. एक आजोबा, शुद्ध शाकाहारी, हिमोग्लोबिन सातच्या खाली, रक्तपेशी फुगलेल्या. तेव्हा बी-१२ ची तपासणी महाग, रक्त बाहेरगावी पाठवावं लागायचं. मी फोलिक अ‍ॅसिड आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. महिन्यात रक्त वाढलं, चेहऱ्यावर तेज आलं, मुलानं पेढे आणले. चार महिन्यांनी आजोबा आले ते दोघांच्या खांद्यावर हात टाकून. रक्त छान होतं आणि पाय गेले होते. फोलिक अ‍ॅसिडच्या मोठ्या डोसनं बी-१२ च्या उणिवेतलं रक्त सुधारतं, मज्जातंतूंना मात्र त्याचा काही उपयोग नसतो. तिथली झीज आतल्या आत चालूच राहते. म्हणजे धोक्याची घंटा मीच काढून ठेवली होती. पुढे इंजेक्शनांनी ते काठी घेऊन चालू लागले, काठी काही सुटली नाही. तेव्हापासून पांढुरकं पडलेल्या शाकाहारी माणसाला नुसतं फोलिक मी कधी दिलेलं नाही.

फोलिक अ‍ॅसिडची गोष्ट तशी आपल्या मुंबईत सुरू होते. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर तिथे आली. गिरणी कामगार बायकांना गरोदरपणात होणारा भयंकर पंडुरोग तिला शोधायचा होता. यीस्टपासून केलेल्या, खायच्या एका स्वस्त काळ्या लेपानं त्या बऱ्या होतात असं तिला दिसलं. त्या लेपात फोलेट होतं हे पुढे उलगडलं. आज मूल हवं असलेल्या प्रत्येक बाईला दिवस जाण्याआधीपासून ४०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड द्यायला सांगतात, कारण बाळाच्या मज्जारज्जूची नळी पहिल्या चार आठवड्यांतच मिटते. बाईला कळेपर्यंत वेळ टळलेली असते. ते चुकवू नका, फक्त शाकाहारी घरात जोडीला बी-१२ ही असू द्या.

तुमच्या आईचं हिमोग्लोबिन १०.४ आहे. एमसीव्ही, म्हणजे रक्तपेशीचा सरासरी आकार, तुम्ही लिहिलेला नाही. बी-१२ कमी असेल तर पेशी मोठ्या होतात, लोह कमी असेल तर लहान. दोन्ही कमी असतील तर सरासरी अगदी नॉर्मल येते आणि रिपोर्ट बघणारा फसतो. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, करून घ्या. आणि इंजेक्शनं चालू असताना बी-१२ पुन्हा तपासायला पैसे घालू नका. आकडा हजाराच्या पुढे दिसेल, ते फक्त काल टोचलेलं औषध असेल.

किती दिवस? मज्जातंतूंवर परिणाम दिसत असेल तर सुरुवात इंजेक्शनानंच करावी: आधी दिवसाआड किंवा डॉक्टर सांगतील तशी जवळजवळ, मग आठवड्याला, मग महिन्याला. रक्त दोन महिन्यांत जागेवर येतं. पायांना सहा महिने ते वर्ष लागतं. मधल्या काळात मुंग्या थोड्या वाढल्यासारख्याही वाटतात. सुन्न जागा जागी होते तेव्हा अशी कुरकुर करते, घाबरून औषध सोडू नका. त्यानंतर १,००० मायक्रोग्रॅमची रोजची साधी गोळी चालते. वाहक नसला तरी गोळीतला शेकडा एक भाग आपोआप झिरपतो. हजाराचा एक टक्का म्हणजे दहा मायक्रोग्रॅम, गरजेच्या चौपट. ती मात्र चालूच ठेवायची, कारण माळ सुटणार नाही आणि मेटफॉर्मिनही. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. आपण मीठ जन्मभर खातोच.

आई कदाचित विचारेल, "हे औषध मांसाहारी तर न्हाई?" माळकऱ्यांना मी आपणहून सांगतो. औषधातलं बी-१२ टाकीत जिवाणू वाढवून काढतात. अडचण असते ती कॅप्सूलच्या जिलेटिनच्या टरफलाची, म्हणून गोळी मागा. डी-३ बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनतं. मेंढरं दारात कातरली जातात तशीच लोकर ती. हे ऐकून बहुतेकांचं समाधान होतं, ज्यांचं होत नाही त्यांना डी-२ मिळतं.

आता डीच्या पुड्या, आणि इथे मला आवाज चढवायचा आहे. ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे, मग डॉक्टर सांगतील तशी महिन्याला. चिठ्ठीवरचं 'आठवड्यातून एकदा' नीट वाचलं न गेल्यानं रोज एक पुडी खाल्लेले पेशंट मी पाहिलेत. एक बाई दोन महिने रोज खात होत्या. उलट्या, आठ-आठ दिवस शौच नाही, सारखी तहान, मग बरळणं. घरच्यांना वाटलं साखर वाढली. रक्तातलं कॅल्शियम १४ निघालं, किडनीवर ताण आला होता, दहा दिवस भरती ठेवावं लागलं.

असं का होतं ते शेतातल्या भाषेत सांगतो. बी गटातली आणि सी ही पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं रोजंदारीवरच्या गड्यांसारखी. जास्तीची संध्याकाळी लघवीवाटे घरी जातात. बी-कॉम्प्लेक्स घेतल्यावर पिवळीधमक होते ती लघवी म्हणजे तुमचे पैसेच. ए, डी, ई, के ही चरबीत विरघळणारी, सालगड्यासारखी घरातच राहतात. जास्त झाली तर घर डोक्यावर घेतात, ए आणि डी विशेषतः. बी-१२ तेवढं अपवाद. असतं रोजंदारीवर, पण यकृतात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतं. म्हणून तर मांसाहार सोडलेल्या माणसाला चार-पाच वर्षं काही होत नाही आणि मग एकदम होतं.

"शेतात राबणाऱ्या बाईला डी कमी कसं?" हा प्रश्न ठरलेला. द्राक्षाच्या बागेत विरळणीला निघालेल्या बायका डोळ्यांसमोर आणा: नऊवारी किंवा सहावारी, वरून नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला नि तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ, वर मांडवाची सावली. उन्हाला शिरायला जागा कुठे आहे? सकाळचं कोवळं ऊनही इथे कामाचं नाही. डी तयार करणारे किरण सूर्य वर आल्यावरच पोचतात; ढोबळ खूण म्हणजे आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असली पाहिजे. हात, पाय उघडे टाकून अर्धा तास. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन चालत नाही.

बाकीची जीवनसत्त्वं तुमच्या आईच्या बाबतीत फार चिंतेची नाहीत. भाकरी खाणाऱ्या दख्खनच्या पट्ट्यात एके काळी पेलाग्रा हा रोग दिसायचा, गळ्याभोवती हारासारखा काळपट पट्टा, जुलाब, भ्रम. नायसिनच्या, म्हणजे बी-३ जीवनसत्त्वाच्या, उणिवेचा. ज्वारीवरच जगणाऱ्यांत तो का होतो, यावर डॉ. सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी हैदराबादेत काम करून १९६० मध्ये ज्वारीतल्या ल्युसीन या प्रथिनाच्या घटकाकडे बोट दाखवलं. त्यावर पुढे वादही झाले. नुसती भाकरी नि मीठ-मिरची खाण्याचे दिवस गेले तसा तो गेला. शेंगदाण्यात नायसिन भरपूर असतं, म्हणून भाकरीवरची शेंगदाण्याची चटणी मी कुणाचीच बंद करत नाही. हल्ली मला पेलाग्रा दिसतो तो दारूवर जगणाऱ्यांत.

घरात लिंबू, पेरू, आवळा येतोच; फक्त लिंबू भाजी उतरवल्यावर पिळा आणि जेवणावर लगेच चहा नको, लोह शोषू देत नाही. मेथी चिरून मग धुण्याऐवजी धुऊन चिरा. हरभरे शिजवताना सोडा टाकत असाल तर बी-१ जातं. बेदाणा 'जीवनसत्त्वांचा खजिना' म्हणून खाऊ घालू नका. वाळवताना सी बहुतेक उडतं, उरते साखर, आणि आईला मधुमेह आहे. रेशनच्या तांदळात वेगळे दिसणारे, पाण्यावर तरंगणारे दाणे निघाले की ते 'प्लास्टिकचे' म्हणून वेचून कोंबड्यांना टाकले जातात. ते तांदळाच्याच पिठाचे असतात, लोह, फोलिक आणि बी-१२ घातलेले, शंभरात एक. बी-१२ अगदी थोडं आहे त्यात, पण वेचून टाकण्याचं कारण नाही.

तर तो डबा. त्याच्या मागचं लेबल वाचा: बी-१२ साधारण एका दिवसाच्या गरजेइतकं असेल, आईला हवं त्याच्या कितीतरी कमी. फोलिक असेल, ज्याची गोष्ट वर सांगितली. ए आणि डी असतील, जे पुड्यांच्या वर जमा होतील. माल्टोडेक्स्ट्रिन किंवा साखर असेल, ती तिच्या रक्तात दिसेल. केसांसाठी म्हणून बायोटिन जास्त घातलेलं असेल तर थायरॉइडचे रिपोर्ट खोटे येतात. असा एक रिपोर्ट बघून मी एका सूनबाईंना थायरॉइडची गोळी सुरू करता करता थांबलोय. पाहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून डबा फळीवर ठेवा. २,८०० रुपयांत बी-१२ च्या साध्या गोळ्या खूप दिवस येतात.

पुढच्या भेटीला जाताना चालू असलेली सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, पित्ताच्या गोळीचंसुद्धा. फेरिटिन, कॅल्शियम आणि किडनीसाठी क्रिएटिनिन विचारा, ट्यूनिंग फोर्क लावायला सांगा. आईला मागून पट्टा असलेली चप्पल घ्या आणि रोज रात्री तळवे तुम्ही किंवा सुनेनं उजेडात बघा. काटा रुतलेला तिला कळणार नाही. न्हाणीत भिंतीला धरायला एक दांडा याच आठवड्यात बसवून घ्या, प्लंबर नसेल तर वेल्डिंगवाला करून देईल. तोवर तोंड धुताना तिला स्टुलावर बसवा.